पाच सह्यांचं कोरं पान

वर्ध्याकडच्या सिंदी रेल्वे गावाच्या अलीकडं डांबरी रोड सोडून आत वळलं का भाजीवाल्या शेतकऱ्याइची कंपनी हाय. कंपनी म्हणलं म्हणून काचेची बिल्डिंग डोळ्यासमोर आणू नका. टिनाचं शेड, दोन खोल्या, एक वजनकाटा अन् मांगं एक पांढरी थंड खोली, जिच्यात आज तोडलेली भाजी तीन दिवस जशीच्या तशी राह्यते. पण कागदावर पक्की कंपनी बरं, तीनशे भागधारक, पाच संचालक, दर महिन्याले मीटिंग. मीटिंगमध्ये जे ठरलं ते एका जाड लाल रजिस्टरात लिहायचं, अन् खाली पाचही जणाइच्या सह्या. हे लाल रजिस्टर जराक ध्यानात ठेवा, कारण सारा किस्सा त्याच्यातच हाय.

पाचात चार बाप्ये, अन् एक मंदाबाई उरकुडे. दीड एकर ओलिताचं वावर, त्यात मेथी, पालक अन् सांभार, म्हणजे तिकडचे पुण्याचे लोक ज्याले कोथिंबीर म्हणतात ते. यादीत एक बाई पाह्यजे होती म्हणून मंदाबाईचं नाव टाकलं होतं, कोणाले वाटलं होतं का बाई येईन, चहा घेईन, सही करीन, जाईन. पण मंदाबाईनं ते मनावर घेतलं ना! उन्हातान्हात दारोदार फिरली, चाळीस बायकाइले भागधारक केलं. सगळ्याइले एकच सांगतलं, का उन्हाळ्यात आपला सांभार दहा वाजता मान टाकते, व्यापारी मांगल त्या भावात द्या लागते, आता थंड खोली हाय, आपली हाय, दोन टोपले का असेनात, तुमचे टोपले त्याच्यात राह्यतील. बायकाइनं कंपनीवर भरवसा नाई ठेवला, मंदाबाईवर ठेवला. शोभाबाईनं तर कोंबड्या विकून भाग घेतलता.

आता पद्धत ऐका. दिवाळी झाली का कापसाची वेचणी लागते, वेचणीवाल्या बाया सकाळी सातले दारात, इकडं भाजीची तोडणी, कोणाले मीटिंगले वेळ असते? म्हणून पह्यल्या वर्षापासूनच एक रीत पडली. कंपनीची मॅनेजर ज्योत्स्ना, जिले कागदावर सीईओ म्हणतात पण ऑफिसात झाडूबी तीच मारते, ते रजिस्टर प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळे, स्कुटीवर टाके अन् एकेका संचालकाच्या वावरात जाये. सहा कोरी पानं, अन् प्रत्येक पानाच्या खाली पाच सह्या. वर काय लिहायचं ते मंग महिन्याच्या महिन्याले. मंदाबाई मेथीच्या वाफ्यातून उठे, पदराले हात पुसे अन् बांधावर बसून एकेक अक्षर कोरल्यासारखी सही करे. यंदा सहाव्या पानावर तिच्या अंगठ्याच्या मातीचा डाग पडला. ती म्हणे, पान खराब झालं वो. ज्योत्स्ना म्हणे, राहू द्या काकू, वावराचीच माती हाय.

अन् कोणाले त्यात काही वाटलं नाई, कारण भांडण नव्हतं. भांडण नसलं का कोरं पान कोरंच असते.

भांडण लागलं फेब्रुवारीत. कंपनीचे अध्यक्ष भैय्याजी, त्याइच्या भाच्यानं नालवाडीले कोल्ड्रिंकची एजन्सी टाकली, अन् त्याले आपली थंड खोली सालभर भाड्यानं पाह्यजे होती. तिकडं संचालक हिरालाल, धान्याचे व्यापारी, वावरबी हाय म्हणून भागधारक, त्याइचा साळा जाम गावच्या चौकात हायवेवर संत्रा विकते, त्यालेबी खोली पाह्यजे. तानबा भैय्याजीच्या बाजूनं, प्रफुल हिरालालच्या बाजूनं. दोन तिकडं, दोन इकडं. मीटिंग बसे तशी मोडे. एकानं चहा घेतला तर दुसरा पाणीबी नाई घे. तुम्ही गावातले मोठे का आम्ही, इथपर्यंत गोष्ट गेली.

अन् पाचवी कोण? मंदाबाई.

मंग पाहा गंमत. जिच्या दारात सालभर कोणी सायकल नाई लावली, तिच्या दारात दोन दोन गाड्या. भैय्याजी येत, मंदाबाईचा नवरा रूपराव त्याइचा चुलतभाऊ, म्हणून वहिनी वहिनी करत ओट्यावर बसत, वावराले पाणी पुरते का विचारत. ते गेले का हिरालाल येत, भाभी, जरा चाय पिलाव, म्हणत, अन् जाताना पेढ्याचा डबा ठेवून जात. रूपराव दोघाइलेबी रोडपर्यंत सोडाले जाये अन् येताना छाती काढून येये. खरं सांगायचं तर मंदाबाईलेबी ते बरं वाटलं. का नाई वाटणार? मीटिंगमध्ये तिच्याकडं कोणी पाहत नव्हतं, आता तिच्या तोंडाकडं पाहत होते, का ही काय बोलते. पण ती दोघाइलेबी एकच सांगे, का मले जे सांगायचं ते मी मीटिंगमध्ये सांगीन.

मार्चची मीटिंग झाली भरदुपारी. पाचही हजर, पंखा खडखड करून राह्यला, बाहेर वजनकाट्यावर कांद्याची पोती. भैय्याजीनं आपलं मांडलं, हिरालालनं आपलं मांडलं, अन् मंग चौघंही मंदाबाईकडं वळले.

ती म्हणाली, "मी दोघाइलेबी नाई म्हणते. एप्रिल लागला का बाया टोपले घेऊन येतील. मी त्याइले जबान देल्ली हाय. खोली भाजीची हाय, ना कोल्ड्रिंकची, ना संत्र्याची."

 हिरालालनं चष्मा पुसला. भैय्याजी हसले अन् म्हणे, चला, चहा तरी होऊन जाऊ द्या.

आता चहा म्हणलं का उठायचं कोणी, हेबी ठरलेलंच होतं. कोणी सांगतलं नव्हतं, पण पह्यल्या मीटिंगपासून मंदाबाईच उठे, ज्योत्स्नाबरोबर बाजूच्या खोलीत जाये, दूध पाहे, कप धुये. त्याही दिवशी उठली. ज्योत्स्ना गाळत होती, ही कप मांडत होती, सात मिनिटं गेली असतील, नाई तर आठ. ट्रे घेऊन आली तर आत चौघंही हसून राह्यले होते. दोन महिने एकमेकाइचं तोंड नाई पाह्यलं ते हिरालाल अन् भैय्याजी खुर्च्या जोडून बसलते, अन् तानबा प्रफुलले तंबाखू देत होता.

भैय्याजी म्हणे, "झालं पाहा वहिनी, वाद मिटला. अर्धी खोली कोल्ड्रिंकले, अर्धी संत्र्याले. तुमच्यामुळंच मिटला."

ट्रे तिच्या हातातच होता. ठेवायलेबी जागा नव्हती, टेबलावर कागद पसरलेले. तशीच उभी राहून ती म्हणाली, माझं नाई हाय म्हणून लिहा. हाव हाव, लिहू ना, म्हणत भैय्याजीनं ट्रेमधून कप उचलला. मंग बाकीच्याइनं उचलले. तिनं स्वतःचा कप घेतला तवा चहावर साय धरली होती.

त्या दिवसापासून दारात गाडी नाई आली. एकबी नाई. रूपराव दोन-तीन दिवस ओट्यावर बसून रोडकडं पाहत राह्यला, मंग आत टीव्हीसमोर बसाले लागला. भांडत नव्हता तो, तेवढंबी बरं वाटलं असतं. नुसतं म्हणे, चार लोक एक बोलतात तर तुले काऊन येगळं बोला लागते अवं, अन् आवाज वाढवे टीव्हीचा. भाजी वर्ध्याले नेणारा टेम्पो तानबाचा, त्याच्यात सगळ्याइची भाजी जाये. तो आता मंदाबाईच्या बांधावर थांबत नव्हता, जागा नाई म्हणे. मंग ती एकटीच सांभाराचं गाठोडं डोक्यावर घेऊन स्टेशनले जाये, पॅसेंजरच्या डब्यात दाराजवळ उकिडवी बसे, गाठोड्यावर पाणी शिंपडत. कोणी ओळखीचं भेटलं तर, आज टेम्पो गेला नाई का, विचारे. ती म्हणे, गेला.

पुण्याले पोरगी हाय तिची, रंजिता. फोनवर म्हणे, सोड ना आई, तुले काय पडलं हाय. मंदाबाई बरं म्हणे अन् जावयाची तब्येत विचारे.

पण हे सगळं तिनं सोसलं असतं बरं का. तिच्या मनात एक होतं, का आपण नाई म्हणलं हाय, रजिस्टरात लिहलं हाय, उद्या बायाइनं विचारलं तर दाखवू.

एप्रिल लागला. थंड खोलीच्या डाव्या बाजूले कोल्ड्रिंकचे खोके छतापर्यंत, उजवीकडं संत्र्याचे कॅरेट. शोभाबाई सकाळी नऊले दोन टोपले सांभार घेऊन आली अन् तशीच वापस गेली. दुसऱ्या दिवशी सात-आठ बाया मिळून भैय्याजीकडं गेल्या. भैय्याजी चिडले नाईत, उलट पाणी पाजलं, ज्योत्स्नाकडून रजिस्टर मागवलं अन् पान उघडून दाखवलं.

संध्याकाळी हनुमानाच्या पारावर बायाइचं भजन राह्यते. मंदाबाई टाळ घेऊन गेली. तिची जागा शोभाबाईच्या बाजूले, सालोसाल तीच. शोभाबाईनं आपली चटई उचलली अन् दुसऱ्या टोकाले टाकली.

मंदाबाई तिच्या मांगं गेली. काय झालं वो, म्हणाली.

"तूबी सही केली ना," शोभाबाई म्हणाली. "पाचवी सही तुहीच हाय. आमी वाचता येत नाई म्हणून फसलो नाई मंदे, शाळेतल्या मॅडमले संग नेलतं. सर्वानुमते लिहलं हाय म्हणे."

मंदाबाईनं सांगतलं का मी नाई केली. शोभाबाईनं तिच्याकडं असं पाह्यलं जसं कोणी बाजारात वजनात मारणाऱ्याकडं पाह्यते, अन् टाळ वाजवाले लागली. मंदाबाई पारावरून उतरून घरी आली. भजन तिथून पुरं ऐकू येये.

रातभर तिले समजेना का सही आली कुठून. सकाळी वाफ्यात निंदाले बसली, हाताले माती लागली, पदराले हात पुसाले गेली, अन् तिथंच थांबली. दिवाळीनंतरचं ते सगळं डोळ्यासमोर आलं, बांध, पन्नीतलं रजिस्टर, सहा पानं. सही तिचीच होती ना! कोणी खोटी केली नव्हती, कोणी हात धरला नव्हता. तिनं स्वतः, सावलीले बसून, एकेक अक्षर कोरून केली होती, जे अजून घडलंबी नव्हतं त्याच्याखाली.

दुपारी ती ऑफिसात गेली. ज्योत्स्ना एकटीच होती. मंदाबाईनं रजिस्टर मांगतलं. ज्योत्स्नाची मान खाली. म्हणे, काकू, मी विचारलं होतं, विरोध लिहू का म्हणून, तर भैय्याजी म्हणे सह्या तर झाल्याच हायेत, एकीसाठी पान कायले घाण करतं. माह्या घरी सासू हाय, दोन लेकरं हायेत काकू, ही नोकरी गेली तर सिंदीत दुसरी कुठी हाय? मंदाबाईनं रजिस्टर आपल्याकडं ओढलं. तिले दोष काय द्यायचा, कोऱ्या पानावर सह्या तर स्वतः मंदाबाईनंबी विचारल्याबिगर केल्या होत्या.

पाचवं पान उघडलं. 'थंड खोली भाड्याने देण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली पाच सह्या, शेवटची तिची. तिनं पान पलटवलं.

सहावं पान. वर कोरं, खाली पाच सह्या, अन् तिच्या सहीच्या बाजूले अंगठ्याएवढा मातीचा डाग.

ज्योत्स्नाबी ते पाहत होती. तिनं टेबलावरचा पेन उचलला, रजिस्टरवर ठेवला अन् म्हणाली, "काकू, मी बँकेत जाऊन राह्यली. वीस मिनिटं लागतील. या पानावर काय हाय ते मी अजून पाह्यलं नाई."

अन् स्कुटी चालू झाली, गेली.

आता विचार करा. बाई एकटी, हातात पेन, समोर पान, अन् पानाखाली भैय्याजी, हिरालाल, तानबा, प्रफुल, चौघाइच्याबी सह्या, अगदी खऱ्या. दोन ओळी लिहायच्या, का मांगचा ठराव रद्द, थंड खोली भागधारकाइच्या भाजीसाठीच राहीन, सर्वानुमते मंजूर. बस. उद्या शोभाबाईचे टोपले आत, कोल्ड्रिंक बाहेर. अन् त्या चौघाइनं तोंड तरी कोणत्या तोंडानं उघडलं असतं? त्याइनं जे केलं तेच तर हे.

तिनं पेनाचं टोपण काढलं. तारीख लिहली. मंग 'ठराव' लिहलं. वजनकाट्यावर एक कुत्रं येऊन झोपलं होतं, मांगं थंड खोलीची मशीन घरघर करून राह्यली होती. तिची नजर भैय्याजीच्या सहीवर गेली. ते कुठी बसून सही करत असतील, बांधावर का खाटेवर? या कागदावर काय येईन हे त्याइलेबी मालूम नव्हतं, जसं तिले नव्हतं. शोभाबाई आठवली. तिले जाऊन सांगायचं काय, का माहीबी सही अशीच होती, अन् आता याइच्याबी मी तशाच घेतल्या?

तिनं पेन आडवा धरला अन् पानाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली, मंग दुसरी, फुली मारली पुऱ्या पानावर. चार सह्याइवरून, अन् आपल्या सहीवरूनबी. खाली उरलेल्या जागेत लिहलं, का या पानावरच्या सह्या अगोदर घेतल्या होत्या, तवा काही ठरलं नव्हतं, म्हणून हे पान रद्द. मांगच्या पानावर माझी सही अशीच हाय, माझा त्या ठरावाले विरोध होता. नाव लिहलं, पुरं. अन् आजची सही केली, आजच्या तारखेची.

ज्योत्स्ना आली, तिनं पाह्यलं.  मंग म्हणे, तुम्ही खोलीचा ठराव लिहून टाकाले पाह्यजे होता काकू. मंदाबाईनं गाठोड्याचं फडकं उचललं अन् घरी गेली.

चौथ्या दिवशी गावभर बोंब झाली. भैय्याजी लालबुंद, हिरालाल लालबुंद, रजिस्टरचं पान खराब करणं म्हणजे काय समजते का बाईले. पण लाल चेहरा दोन मिनिटंच टिकला, कारण हिरालाल व्यापारी माणूस, त्याच्या डोक्यात दुसरंच चालू झालं. त्यानं ते फुली मारलेलं पान पाह्यलं, मंग भैय्याजीकडं पाह्यलं, मंग पुन्हा पानाकडं. या बाईच्या हातात ते पडलं होतं तर कोणाच्याबी पडलं असतं. रजिस्टरच्या कपाटाची एक चावी अध्यक्षाकडंबी होती ना? भैय्याजीच्याबी तेच मनात आलं असणार, कारण तेबी हिरालालकडं तसंच पाहून राह्यले होते. अन् तिथंच ठरलं का इथून पुढं कोरी सही बंद. ज्याले सही करायची त्यानं मीटिंगले या, बसा, वाचा, अन् मंग करा. मंदाबाईच्या चांगुलपणासाठी नाई झालं ते, एकमेकाइच्या धाकानं झालं. पण झालं.

मे महिन्याची मीटिंग. पाच खुर्च्या. मंदाबाई सगळ्याइच्या अगोदर जाऊन बसली होती. चौघं आले अन् तिच्या बाजूची खुर्ची सोडून बसले, एक खुर्ची कमी पडली म्हणून तानबा पोत्यावर बसला, पण बाजूले नाई बसला. विषय होता का थंड खोलीचं विजेचं मीटर भाडेकरूच्या नावावर करायचं. भैय्याजीनं वाचलं, झरझर, सवयीनं, अन् सवयीनंच म्हणाले, सर्वानुमते.

अन् थांबले. चौघंही थांबले. पह्यल्यांदा त्या शब्दापुढं कोणी थांबलं असन.

"नाई," मंदाबाई म्हणाली.

"विरोध कोणाचा लिहू?" ज्योत्स्नानं विचारलं. तिचा आवाज बारीक होता, पण विचारलं.

"माझा. पुरं नाव लिहजो."

ज्योत्स्नानं लिहलं. चार बाजूनं, एक विरोधात, ठराव मंजूर. मोठ्यानं वाचून दाखवलं. मंग प्रत्येकानं रजिस्टर आपल्यापुढं ओढलं अन् बोट ठेवून वाचलं. तानबाले वाचाले बम वेळ लागला, त्यानं एक ओळ दोनदा वाचली, मान वर करून मंदाबाईकडं पाह्यलं, अन् मंग सही केली.

भैय्याजी म्हणे, चला, चहा होऊन जाऊ द्या.

पंखा खडखड करत राह्यला. मंदाबाई उठली नाई. प्रफुलनं हिरालालकडं पाह्यलं, हिरालालनं दाराकडं पाह्यलं, ज्योत्स्ना रजिस्टरात मान घालून रेघा मारत बसली. त्या दिवशी चहा झाला नाई. थोड्या वेळानं चौघं उठले, दोन गाड्यात बसले अन् गेले.

मंदाबाई बाहेर आली तवा ऊन असं का रोडवरचं डांबर चपलेले चिकटे. फाटकाजवळ बाभळीच्या सावलीत शोभाबाई रिकामा टोपला घेऊन उभी होती.

"काय झालं?"

"चार विरुद्ध एक."

"म्हणजे खोली गेलीच."

"हाव. गेली."

शोभाबाईनं टोपला कमरेवर घेतला. जायला वळली, मंग म्हणे, "लिहलं का?"

"लिहलं," मंदाबाई म्हणाली. "माह्यासमोर लिहलं."

 शोभाबाई चालाले लागली. मंदाबाईबी मांगं निघाली. दोघीत वीस-पंचवीस पावलांचं अंतर होतं. शोभाबाई तिच्यासाठी थांबली नाई. पण झपाझप पाय उचलूनबी गेली नाई, अन् गाव येतपर्यंत ते अंतर तेवढंच राह्यलं.